माल सोडणाऱ्याचं नाव

घुगेंनी माझ्या केबिनचं दार आतून लावून घेतलं आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "मॅडम, ते कुलूप काढा."

मे महिना सरत आला होता. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत त्या दिवसांत सकाळीच पत्रे तापून तडतडायला लागतात. माझ्या खिडकीतून कंपनीचं आवार दिसायचं. सोयाबीन बियाण्याच्या पिशव्या भरलेल्या ट्रकांची रांग वजनकाट्यापासून फाटकापर्यंत लागली होती. ताडपत्र्या बांधून झाल्या होत्या आणि ड्रायव्हर गाड्यांच्या सावलीत गमछे अंथरून पडले होते. एकही गाडी हलत नव्हती, कारण गेटपास निघत नव्हता. आणि गेटपास आता मी बसवलेल्या सिस्टीममधूनच निघायचा.

"कुलूप मी घातलेलं नाही," मी म्हटलं. "लॉट उगवणीच्या चाचणीत बसला नाही, म्हणून सिस्टीमनं अडवला. तो सोडायचा अधिकार डॉक्टर खेडगीकरांचा आहे. त्यांना सांगा."

"डॉक्टरकडूनच आलो. ते म्हणायलेत, अडवलंय कॉम्प्युटरनं. कॉम्प्युटर कुणाचा? तुमचा."

"कॉम्प्युटर कंपनीचा आहे."

"बरं. मग कंपनीला त्यानं आजवर किती पिशव्या विकून दिल्या? एखादी तरी?" घुगेंचा आवाज चढलेला नव्हता. ते रागावले की हळू बोलायचे. "नांदेडपासून बुलढाण्यापर्यंतचा एकेक दुकानदार मी बांधलाय. आज त्यांची दुकानं उघडी आहेत आणि फळ्या रिकाम्या आहेत. संध्याकाळपर्यंत माझा माल नाही पोचला तर तिथं दुसऱ्याचा लागेल. तुम्ही काय करणार मग? स्क्रीनवर हिरवं-लाल बघत बसणार?"

विश्वंभर घुगे आमचे विक्रीप्रमुख. पोरसवदा वयात सायकलवरून बियाण्याच्या जाहिराती वाटायला लागले होते आणि आता निम्म्या मराठवाड्यातले दुकानदार त्यांच्या शब्दावर माल उतरवून घ्यायचे. मी येण्याआधी गेटपास म्हणजे त्यांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी असे. मी आले आणि ती चिठ्ठी बंद झाली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारलेली नव्हती. माझं नाव कालिंदी दुसाने. मी मूळची धुळ्याची, पण घुगे इतरांजवळ माझा उल्लेख 'पुण्याचं पार्सल' असा करत, हे माझ्या कानावर आलेलं होतं.

"मी ते काढणार नाही," मी म्हटलं.

"नाही काढणार की येत नाही?"

"येतं. काढणार नाही."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं. "शेठजींना हेच सांगतो. असंच्या असं."

ते गेले आणि दार उघडंच राहिलं.

ही सिस्टीम का आली, ते सांगायला हवं. मी कंपनीत येण्याच्या आदल्या हंगामात परभणीकडच्या काही गावांत आमचं सोयाबीन उगवलंच नव्हतं. लोक ट्रॅक्टर भरून फाटकावर आले. कृषी खात्याचे अधिकारी आले. खराब बियाणं नेमकं कुठल्या लॉटचं, तो लॉट आणखी कुठं गेला, हे सांगा म्हणाले. कुणालाच सांगता येईना. घुगेंच्या चिठ्ठ्यांवर गावाचं नाव असायचं, लॉटचं नसायचं. शेवटी सगळीकडचा सगळा माल परत उचलावा लागला, चांगला नि वाईट एकत्र. ट्रॅक्टर आले त्या दिवशी मालक सुगनशेठ गोदामाच्या मागच्या खोलीत बसून राहिले होते आणि बाहेर लोक त्यांच्या नावानं ओरडत होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मला एवढंच पाहिजे," ते मुलाखतीत म्हणाले होते, "माझी पिशवी कुठं आहे, ते मला घरबसल्या कळलं पाहिजे."

ते करणं अवघड नव्हतं. शेतातून आलेलं बी चाळणीवर जातं, पिशवीत भरलं जातं, थप्पी लागते, गाडीत चढतं. प्रत्येक टप्प्यावर नोंद घ्यायची, इतकंच. भांडण झालं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. खराब लॉट सिस्टीम अडवणार, पण अडवलेला लॉट सोडायचा झालाच तर तो कुणी सोडायचा? तेव्हाच्या बैठकीत सगळे एकमुखानं म्हणाले, "आयटीकडे ठेवा." घुगे म्हणाले, डॉक्टर म्हणाले, शेठजीही म्हणाले. मी नाही म्हटलं. मला बियाण्यातलं काही कळत नाही, मी कशाच्या जोरावर सोडू? दोन बैठका यावर गेल्या. शेवटी ठरलं की सोडायचा अधिकार गुणवत्ता विभागाचा, म्हणजे डॉक्टर खेडगीकरांचा. तो अधिकार दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर शेठजींनी सांगायचं आणि मी तसा बसवून द्यायचा. शेठजींनी त्या ठरावावर फोनवर बोलता बोलता सही केली.  डॉक्टरांनी मात्र चहा तसाच ठेवला होता.

घुगे गेल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. आवारातून जाताना ड्रायव्हर उठून बसले. एकानं विचारलं, "हीच का ती बाई?" दुसरा म्हणाला, "हीच." एक हमाल मुद्दाम पोतं घेऊन माझ्या वाटेत उभा राहिला. मी थांबले, तोही थांबला. मग मी वळसा घालून गेले.

प्रयोगशाळेत गारवा होता. डॉक्टर खेडगीकर टेबलाशी बसले होते. बीजशास्त्रातले डॉक्टर, मितभाषी, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. त्यांच्यासमोर ट्रेमध्ये ओल्या कागदाच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या. उगवण तपासताना बी अशा कागदात गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी उलगडून कोंब मोजतात. काही गुंडाळ्या उलगडलेल्या होत्या. मी आल्यावर त्यांनी त्या गुंडाळ्यांवर एक कोरडा कागद पसरला.

"डॉक्टर, तुम्ही घुगेंना सांगितलंत की कुलूप कॉम्प्युटरचं आहे."

"आहेच ना."

"निकाल तुमच्या लॅबनं भरला. अधिकार तुमचा आहे. सोडायचा असेल तर सोडा, नसेल तर त्यांना तोंडावर नाही म्हणा. माझं नाव का सांगता?"

ते जरा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "मॅडम, तुम्ही इथं नवीन आहात. कधी नमुना चुकीचा घेतला जातो, कधी यंत्राचं तापमान वर-खाली होतं. अशा वेळी काहीतरी मधला मार्ग काढावा लागतो. पूर्वी तो निघायचा."

"कोण काढायचं?"

"निघायचा." ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्याकडे मागून शिरायची वाट असते, हे मला माहीत आहे. सिस्टीम बनवणाऱ्या त्या पुण्याच्या इंजिनिअरनं मला सांगितलं होतं. मागून सोडलं तर कुणाचंच नाव लागत नाही. लॉट जाईल, गाड्या जातील, घुगे शांत होतील. मी काही विचारणार नाही आणि तुम्हालाही कुणी विचारणार नाही."

"म्हणजे काम मी करायचं."

"काम तुमच्या मशीनचं आहे."

"तुमचा अधिकार तुम्हीच वापरा, डॉक्टर. मला त्यात ओढू नका."

"तुम्हीच मला त्यात ओढलंत," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत भीती होतीच, पण त्याहून जास्त राग होता. "त्या बैठकीत माझं नाव तुम्ही सुचवलंत. मी मागितलं नव्हतं. उद्या निरीक्षक आला, केस झाली, तर वर्तमानपत्रात कुणाचं नाव येईल? घुगेंचं नाही. शेठजींचंही नाही."

 तिथून निघाले तेव्हा मला एवढंच दिसत होतं की हा माणूस आपलं ओझं माझ्या डोक्यावर ठेवू पाहतोय, आणि मी ते घेणार नव्हते.

परत आले तर सर्व्हरच्या खोलीतून भट्टीसारखी वाफ येत होती. कुणीतरी तिथला एसी बंद करून त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती, बंदच राहावं म्हणून. मी चिकटपट्टी काढली, एसी सुरू केला आणि खुर्ची ओढून त्या खोलीच्या दारातच बसले. कॅन्टीनमधून रोज येणारा चहा त्या दिवशी आला नाही. मधूनमधून कुणी ना कुणी कॉरिडॉरच्या टोकाशी येऊन बघून जात होतं. घुगेंनी पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला होता. तिथल्या इंजिनिअरचा मला फोन आला. तो घाबरलेला होता. म्हणाला, "मॅम, ते म्हणतायत तुमचा पासवर्ड मिळाला तर मी इथून करून देऊ शकतो. मी काय सांगू?"

"मिळणार नाही म्हणून सांग."

दुपारी शेठजींचं बोलावणं आलं.

शेठजींच्या केबिनमध्ये पंखा मंद फिरत होता. सुगनशेठ पांढऱ्या सदऱ्यात, पाय खुर्चीवर मुडपून बसले होते. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण व्यापारातला कुठलाही भाव विचारा, तोंडपाठ. घुगे खिडकीशी उभे होते. डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीवर, गुडघे जुळवून. मला बसायला कुणी सांगितलं नाही, तरी मी बसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"मॅडम," शेठजी म्हणाले, "ते काढायला किती वेळ लागतो?"

"मला काहीच वेळ लागत नाही."

"मग सकाळपासून गाड्या का उभ्या आहेत?"

"कारण ते काढणं माझं काम नाही."

घुगे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऐकलं? मी सांगितलं तेच."

"विश्वंभर, थांब जरा." शेठजी माझ्याकडे वळले. "तुमचा पगार कोण देतं?"

"कंपनी देते."

"कंपनी म्हणजे कोण?"

"तुम्ही."

"मग मी सांगतोय, काढा."

मी म्हटलं, "शेठजी, दोन वर्षांमागं परभणीत झालं, तेव्हा लोक विचारत होते हे कुणी पाठवलं. कुणालाच सांगता आलं नाही. त्यासाठीच तुम्ही मला आणलंत. आज मी ते मागून काढलं, तर उद्या तोच प्रश्न येईल आणि पुन्हा कुणालाच सांगता येणार नाही. फरक इतकाच असेल की या वेळी तुम्ही त्यासाठी सिस्टीमही विकत घेतलेली असेल."

"भाषण नको," घुगे म्हणाले. "शेठजी, माल चांगला आहे. मी स्वतः हातात घेऊन बघितलाय. दाणा टपोरा आहे. लॅबच्या निकालाचं काय घेऊन बसलात, गेल्या साली पण पहिल्यांदा नापास झालेला लॉट नंतर पास झालाच होता."

शेठजींनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "तसं होतं कधी कधी. दुसरी चाचणी लावलेली आहे. पण आता सिस्टीमनं अडवल्यामुळे माझ्या हातात..."

"तुमच्याच हातात आहे," मी म्हटलं.

"पुरे." शेठजींनी टेबलावर तळवा ठेवला. "मॅडम, पासवर्ड लिहून द्या. विश्वंभर पुण्याला कळवील. लॅपटॉप उद्या सकाळी आणून जमा करा. उद्यापासून तुमचं काम बंद."

   माझं डोकं तापलं होतं, आणि तापलेल्या डोक्याला कधी कधी फार स्वच्छ दिसतं.

"पासवर्ड देणार नाही," मी म्हटलं. "पण तुम्हाला माल सोडायचाच असेल तर मी अडवणार नाही. तुमचा तो हक्क आहे. सोडायचा अधिकार कुणाला द्यायचा, ते तुम्ही ठरवायचं, असं ठरावात आहे. नाव सांगा. त्या माणसाला आत्ता, इथं, तुमच्यासमोर अधिकार देते. तो बटण दाबील आणि गेटपास निघायला लागतील."

शेठजी म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच. बटण दाबल्यावर दोन गोष्टी भराव्या लागतात. माल सोडणाऱ्याचं नाव आणि सोडण्याचं कारण."

मी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे वळवला.

शेठजींनी चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं. "विश्वंभरला द्या," ते म्हणाले. "सकाळपासून त्यालाच घाई आहे."

घुगे खिडकीपासून दोन पावलं पुढे आले आणि थांबले. "मला?"

"तूच म्हणतोस ना, दाणा टपोरा आहे."

"आहेच. पण मी विक्रीचा माणूस, शेठजी. उगवणीतलं मला काय कळतं? उद्या कोर्टात वकील विचारील, तुझं शिक्षण काय, तर मी काय सांगू? हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. डॉक्टरांच्या नावानं झालं तर त्याला वजन राहील."

"डॉक्टर," शेठजी म्हणाले.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "तुमचा आदेश असेल तर माझी हरकत नाही. फक्त तसं मला लेखी मिळावं. तुमच्या सहीनं. म्हणजे मी तुमच्या सांगण्यावरून केलं, असं."

"म्हणजे नाव तुमचं आणि मान माझी."

डॉक्टर खुर्चीत मागं सरकले.

शेठजी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आम्हा तिघांपैकी त्यांना सर्वांत जास्त चीड कुणाची आली होती, ते मला आजही सांगता येत नाही. "चाळीस वर्षं धंदा केला," ते म्हणाले, "तेव्हा हे डबडं नव्हतं. माझी कंपनी आहे. द्या, माझ्या नावानं द्या."

मी अधिकार त्यांच्या नावावर केला. त्यांनी एका बोटानं बटण दाबलं. नावाच्या जागी 'सुगनचंद' लिहिलं. कारणाच्या जागी काय लिहायचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते तुम्ही सांगायचं. त्यांनी 'मालकाचा हुकूम' असं लिहिलं, आणि दाबून टाकलं.

घुगे दाराबाहेर पडलेसुद्धा होते. थोड्याच वेळात खालून पहिलं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग सगळं आवार घरघरायला लागलं. गाड्या एकेक करून काट्यावरून फाटकाकडे सरकत होत्या. मी लॅपटॉप बंद केला आणि उठले.

शेठजी उठले नाहीत. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आता माझं नाव लागलं. तुम्हाला काही होणार नाही. आता सांगा, उगवेल?"

डॉक्टर खेडगीकरांनी खाली पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं, "नाही. शंभरातले चाळीससुद्धा धड यायचे नाहीत. बी भरताना तडकलंय. नव्या यंत्रातून उंचावरून पडतं, त्यामुळे आतल्या आत फुटतं. वरून टपोरं दिसतं. दुसऱ्या चाचणीच्या गुंडाळ्या मी आज सकाळीच उलगडल्या. पहिल्याहून वाईट निकाल आहे."

"सकाळी उलगडल्या."

"हो."

"आणि आत्ता सांगताय. काही बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात ना खंत होती ना उर्मटपणा. "सगळे कुलूप कधी निघणार, तेच विचारत होते. घुगे तेच. तुम्ही तेच. मॅडम लॅबमध्ये आल्या, या गुंडाळ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्यांनीही नाही विचारलं."

खाली एका ट्रकनं फाटकातून बाहेर वळताना लांब हॉर्न दिला.  शेठजींनी हातानंच आम्हा दोघांना जायची खूण केली.

जिना उतरताना डॉक्टर माझ्या पुढं होते. खालच्या पायरीवर ते थांबले आणि मागं न वळता म्हणाले, "मला असं चारचौघांत उघडं पाडायला नको होतं तुम्ही." मग ते लॅबकडे गेले. त्यानंतर आम्ही कधीही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप जमा करायला गेले. वसाहतीच्या रस्त्याला वळले आणि स्कूटर बाजूला घ्यावी लागली. रस्ता ट्रकांनी भरला होता. क्षणभर मला वाटलं, कालच्याच गाड्या अजून निघताहेत. मग लक्षात आलं, त्यांची तोंडं कंपनीच्या फाटकाकडे होती. ताडपत्र्या तशाच बांधलेल्या. ड्रायव्हर वैतागून एकमेकांना शिव्या देत होते.

फाटकावरच्या वॉचमननं सांगितलं, काल संध्याकाळी शेठजी जेवायला घरी गेलेच नाहीत. गेटपासच्या क्लार्कला शेजारी बसवून घेतलं. कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, त्याचा मोबाइल, कुणाच्या दुकानाला निघालाय, हे सगळं स्क्रीनवर होतंच. शेठजींनी स्वतःच्या फोनवरून एकेका ड्रायव्हरला फोन केले. काही गाड्या देऊळगावराजाच्या अलीकडेच सापडल्या, काही जिंतूरजवळच्या ढाब्यावर. फोन न उचलणाऱ्यांसाठी त्या वाटेवरच्या दुकानदारांना सांगून ठेवलं की गाडी आली तर उतरवू नका, उलटी धाडा.

घुगे आवारात उभे राहून हमालांना गाड्या रिकाम्या करायला लावत होते. त्यांचे डोळे तांबारले होते. मला पाहून ते वाटेतून बाजूला झाले नाहीत. मी शेजारून जाताना म्हणाले, "खुश झालात ना? माझ्या माणसांना आता माझंच तोंड दाखवायची चोरी. हंगाम गेला माझा." मी थांबले नाही.

शेठजी कालच्याच सदऱ्यात होते. टेबलावर अर्धवट खाल्लेल्या खाकऱ्यांची ताटली होती. मी लॅपटॉप पुढे ठेवला.

"तीन गाड्या उतरल्या होत्या फोन करेपर्यंत," ते म्हणाले. कालच्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. "हिंगोलीकडच्या. तो माल कुठल्या कुठल्या दुकानात गेला, ते मला पाहिजे. क्लार्कला जमत नाही."

मी बसले आणि काढून दिलं. दुकानांची नावं, पिशव्या, दुकानदारांचे फोन. त्यांनी ते नीट वाचलं, खाली फोन लावला आणि घुगेंना हिंगोलीला जीप घेऊन जायला सांगितलं. परभणीच्या वेळी जे काम महिनाभर चाललं होतं आणि तरी पुरं झालं नव्हतं, ते एका टेबलावरून उरकलं. 

"माझं काय?" मी विचारलं.

"तुमचं काल ठरलं ते ठरलं. महिन्याचा पगार मिळेल." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला नाही म्हणणारा माणूस मी समोर बसवून घेऊ शकत नाही. माझा स्वभाव नाही तो."

मी उठायला लागले, तेव्हा त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

"ते काल मी लिहिलं, तिथं माझं नाव आलंय ना?"

"आलंय."

"ते काढता येतं?"

माझे अधिकार अजून कुणी काढून घेतलेले नव्हते. "नाही येत," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. समोरचा माणूस खरा भाव सांगतोय की नाही, हे चाळीस वर्षं ओळखत आलेला माणूस होता तो. "नाही येत, की काढायचं नाही?"

"काढायचं नाही."

"बरं." ते स्क्रीनकडे वळले. "त्याच्याखाली आणखी लिहिता येतं?"

"येतं. तुमच्याच नावानं येईल."

मी ती जागा उघडून दिली. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटानं, अक्षरं शोधत, टाइप करायला सुरुवात केली. मी पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत पोचले होते, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. त्या आवाजात नरमाई अजिबात नव्हती.

"मॅडम. 'उगव' इथपर्यंत आलोय. 'ण'ला काय दाबायचं?"

"शिफ्ट धरून एन," मी म्हटलं, आणि बाहेर पडले.